अंगणातली शाळा उभी करणाऱ्या ताराबाई

जून महिना आला की आमच्या मुखेडला अडीच-तीन वर्षांच्या लेकरांसाठी नर्सरी शोधायची धांदल उडते. फी, बूट, टाय, दप्तर, चार-चार वह्या! लेकरू अजून नीट बोलत नाही आणि आईला काळजी, ते एक ते शंभर कधी म्हणणार? जिच्याकडे एवढा पैसा नाही, ती तर मनातून खचूनच जाते. आपलं लेकरू आतापासूनच मागं पडलं, असं तिला वाटतं. मैत्रिणींनो, अशा आयांना मला ताराबाई मोडकांबद्दल सांगावंसं वाटतं.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरात आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि त्या अमरावतीला गेल्या. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी, पदरात लहान मुलगी असताना एका बाईनं असं पाऊल उचलायचं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

मानाची, पगाराची नोकरी होती. तीही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाईंनी मारिया माँटेसरींच्या विचारानं बालमंदिर सुरू केलं होतं. छडी नाही, घोकंपट्टी नाही. लेकरानं हातानं करून बघायचं आणि शिकायचं. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरच्या शिशुविहारचं काम त्यांनी उभं केलं.

पण ही सगळी शहरातली, बऱ्या घरची मुलं. माँटेसरीची साधनं महाग. खेड्यातल्या गरिबाच्या लेकरापर्यंत ती पोचणार कशी? या प्रश्नापायी ताराबाई १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी जाऊन राहिल्या. वय किती? त्रेपन्न! बालपणीच विधवा झालेल्या अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या आणि जन्मभर सोबत राहिल्या.

गरिबांची मुलं बालवाडीत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या हीच त्यांची साधनं झाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. गावोगावच्या आपल्या अंगणवाडीमागं बोर्डी-कोसबाडचा हा अनुभव आहे.

मला त्यांच्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. एक ते शंभर म्हणणं हे गाणं झालं. घरात चार माणसं जेवायला आहेत तर चारच ताटल्या आणणं, हे खरं गणित. ते आपल्या घरात रोज घडतं, फक्त आपण लेकराला त्यात घेत नाही.

मूठभर चिंचोके घ्या. किती असतील, आधी अंदाज करू द्या, मग एकेक बाजूला ठेवत मोजू द्या. दोन-दोनच्या जोड्या लावा, एकटा राहिला का बघा. सुपात थोडी तूर आणि हरभरा एकत्र करून वेगळं करायला द्या. जुन्या बांगड्या लहान-मोठ्या क्रमानं मांडायला सांगा. फक्त जवळ बसा बरं का, बी नाकातोंडात जायला वेळ लागत नाही.

बोलण्याचंही तसंच. भाकरी थापताना लहान गोळा-मोठा गोळा, आधी पाणी-मग पीठ, परातीच्या आत-बाहेर, हे शब्द सहज येऊ द्या. बाजारातून आल्यावर पिशवीतलं एकेक लेकराला काढू द्या, आणि काय-काय पाहिलं ते विचारा. हो-नाही म्हणून सुटता येणार नाही असं विचारा. उत्तराला वेळ लागला तर थांबा, आपणच बोलून टाकू नका. घरात लमाणी, कानडी, तेलुगू, उर्दू जे बोलत असाल त्यातच बोला. आपल्या भाषेत भरभरून बोलणारं लेकरू दुसरी भाषाही लवकर उचलतं. नर्सरीत घालायचं तर जरूर घाला. पण ती परवडत नाही म्हणून रडत बसू नका.

ताराबाईंनी पदवी घेतली, मोठ्या शहरात नाव कमावलं आणि शेवटी शिकवायला हातात घेतले ते खडे आणि शिंपले. आपल्या अंगणात शिंपले नसतील, पण चिंचोक्यांना काय तोटा? आज संध्याकाळी स्वयंपाकाला बसाल तेव्हा लेकराला टीव्ही-मोबाईलपुढून उठवा आणि मूठभर चिंचोके त्याच्या पुढ्यात ओता.