सुरतेच्या डॉक्टरीणबाई

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. थोरामोठ्यांची चरित्रे मी शाळेच्या धड्यांपुरतीच वाचली होती. यंदा ग्रंथालयात डॉ. रखमाबाईंचे चरित्र हाती आले आणि ते वाचताना आमच्या गावचे कुलूपबंद उपकेंद्र सारखे डोळ्यांसमोर येत राहिले.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील त्यांच्या लहानपणीच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे दादाजी भिकाजींशी लग्न लागले. पण त्या नांदायला गेल्या नाहीत, घरीच शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी कोर्टात धाव घेतली. तेव्हा त्या माझ्याच वयाच्या, १९ वर्षांच्या होत्या. १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली! अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना पाठबळ दिले. १८८९ साली त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. तिथे रुग्णालय होते, पण भीतीने बायका बाळंतपणाला येईनात. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिचे बाळंतपण केले, असे सांगतात. हळूहळू बायकांचा धीर चेपला. सुरतेत त्या वीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या, नंतर राजकोटला गेल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

मला वाटते, त्यांचे मोठेपण कोर्टापेक्षाही या टिकून राहण्यात आहे. रुग्णालय भिंतींनी चालत नाही, ओळखीच्या माणसाने चालते.

आमच्या उपकेंद्राला नवा रंग दिला आहे. पण नर्सबाईंची बदली झाल्यापासून जागा रिकामी आहे. त्या असताना घरोघरी येऊन डोसाची तारीख सांगत. त्या गेल्या आणि माझ्या पुतण्याला नवव्या महिन्यात द्यायची गोवराची लस अकराव्या महिन्यात मिळाली, तीही आईने एक दिवसाची मजुरी बुडवून त्याला तालुक्याला नेले म्हणून. आता वहिनीला पुन्हा दिवस गेले आहेत. तिचे रक्त, ब्लडप्रेशर वेळच्या वेळी कोण तपासणार?

मी काही डॉक्टर होणार नाही. पण रिकामी जागा भरावी, असा अर्ज येत्या ग्रामसभेत मी लिहून देणार आहे. त्यावर पहिली सही आईची असेल. ती नुकतीच सही करायला शिकली आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला