राजगडावरच्या सईबाई

गुंजवण्याच्या बाजूने राजगड चढलं की आपण पद्मावती माचीवर येतो. देवीच्या देवळासमोर एक साधी दगडी समाधी आहे. बरेच जण तिथे जरा टेकतात, पाणी पितात नि पुढे जातात. ही समाधी शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाईंची मानली जाते.

फलटणच्या नाईक-निंबाळकरांची ही लेक. 1640 मध्ये पुण्यात लग्न झालं तेव्हा नवरा दहा वर्षांचा, नवरी त्याहून लहान. सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई या तीन लेकींनंतर 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. गडावर आनंदीआनंद! पण बाळंतिणीची तब्येत ढासळली ती ढासळलीच. अंगावर दूध येईना. मग भोरजवळच्या कापूरहोळहून धाराऊ गाडे आली आणि बाळराजे तिच्या दुधावर वाढले. शेजारी आपलं मूल भुकेलं आणि आपण अंथरुणाला खिळलेल्या, सईबाईंना काय वाटलं असेल, हे बायकांना सांगायला नको.

5 सप्टेंबर 1659 ला राजगडावर त्या गेल्या. लेक अडीच वर्षांचाही नव्हता. तिकडे अफजलखान चालून आलेला. दोनच महिन्यांत प्रतापगडाखाली त्याची गाठ पडायची होती. दुःख करायला राजांना सवड तरी कुठली?

अशीच एक आई दोन वर्षं आधी औरंगाबादेत गेली होती. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू. सप्टेंबर 1657 मध्ये शहजादा अकबर झाला आणि महिन्याभरात ती वारली. तिच्या कबरीवर साडेसहा लाखांहून जास्त रुपये खर्चून बीबी का मकबरा उभा राहिला. पांढरा घुमट, चार मिनार, संगमरवरी जाळी. आवारातली मशीद नंतरची. सईबाईंच्या वाट्याला माचीवरचा एक चौथरा आला.

गंमत पुढेच आहे. 1681 मध्ये बापाविरुद्ध बंड करून अकबर दक्षिणेत पळून आला, तेव्हा त्याला आसरा दिला संभाजीराजांनी! सुधागडाच्या पायथ्याशी दोघं भेटले. दोघंही चोवीस वर्षांचे, जन्मात अंतर जेमतेम चार महिन्यांचं. आईचा चेहरा दोघांनाही आठवत नसणार. मकबऱ्याच्या त्या शहराला 2023 पासून सईबाईंच्या लेकाचं नाव आहे.

आणि धाराऊचं कापूरहोळ? पुणे-सातारा रस्त्यावरून भोरला वळतो ना आपण, तेच.