मुलांच्या उशाशी बसणारे गुरुजी

मैत्रिणींनो, साने गुरुजी म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती ‘श्यामची आई’. ते पुस्तक वाचताना पदराने डोळे पुसले नाहीत, अशी बाई आपल्यात विरळाच. पण शाळेत बावीस वर्षं शिकवल्यावर मला गुरुजींची आणखी एक ओळख तितकीच मोलाची वाटू लागली आहे. ती म्हणजे अमळनेरच्या वसतिगृहातल्या गुरुजींची.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घराणं खोताचं, पण वडिलांच्या काळात दिवस फिरले आणि घरात चणचण आली. शिकायचं म्हणून दापोली, औंध, पुणे असं घर सोडून राहावं लागलं. कधी हाताने रांधायचं, कधी अर्धपोटी झोपायचं. १९१७ साली आई गेली तेव्हा पांडुरंग अवघा सतरा वर्षांचा होता. घरापासून लांब राहणाऱ्या गरीब मुलाच्या मनात काय चालतं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरजच पडली नाही.

१९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. वसतिगृह म्हटलं की पोरांचा पसारा आलाच! कुठे अंथरूण तसंच पडलेलं, कुठे मळक्या कपड्यांचा ढीग. गुरुजी रागावत नसत. मुलं शाळेत गेली की स्वतः केर काढत, कपडे धुऊन ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत. मुलं परत येऊन बघत आणि ओशाळत. मग हळूहळू आपली कामं आपणच करू लागली. कुणी आजारी पडला तर गुरुजी रात्र-रात्र त्याच्या उशाशी बसत. शिवाय ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढत. शाळा, वसतिगृह सांभाळून रोज हाताने लिहायचं, तेही पोरांसाठी!

आता यात मोठं काय, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, फार मोठं आहे. मुलीने डोळ्यांत पाणी आणलं तर आपण तिला जवळ घेतो. मुलगा रडला की त्याला सांगतो, पुरुषासारखा पुरुष तू, रडतोस काय? दहा-बारा वर्षांचा झाला की त्याचं रडणं बंद होतं आणि आपण म्हणतो, पोरगा शहाणा झाला. पण रडणं थांबलं म्हणजे दुःख थांबलं असं थोडंच आहे? गुरुजी स्वतः हळवे होते आणि ते लपवत नव्हते. त्यांच्या लेखनाला कुणी रडकं म्हटलं, तरी ते बदलले नाहीत. पुरुषालाही मन असतं, हे त्या मुलांनी आपल्या गुरुजींकडे बघून जाणलं असेल.

१९३० साली नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी लिहून घेतली. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं आणि मंदिराची दारं उघडली. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं.

पण त्याच वर्षी जानेवारीत झालेल्या गांधीजींच्या हत्येने ते आतून हलले होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी आपलं जीवन स्वतःच संपवलं. हे सांगताना आपण घाईने पुढे सरकतो. मी सरकणार नाही. अशा जाण्यामागे एकच एक कारण नसतं, आणि तो दुबळेपणाही नसतो. इतक्या मुलांच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या उशाशी कुणीतरी बसायला हवं होतं, एवढंच मनात येतं. तेव्हा मनाचे डॉक्टर होते तरी किती? बंगळुरूची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थासुद्धा १९५४ साली सुरू झाली.

आज तशी स्थिती नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात, काही शाळांत समुपदेशक असतात. १४४१६ हा सरकारचा ‘टेलि-मानस’ फोन रात्री-अपरात्रीही मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं. तरी २०२२ च्या सरकारी नोंदींनुसार देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांत सात पुरुष होते. हे आकडे वाचले की मला वर्गातले मागच्या बाकावरचे गप्प मुलगे आठवतात.

आणि या मुलांना बोलतं करणाऱ्यांना आपण काय देतो? माझ्या ओळखीच्या एका शाळेत समुपदेशक बाईंना बसायला धड खोलीही नव्हती, जिन्याखाली टेबल टाकून दिलं होतं. पोरगा तिथे गेला की बाकीचे त्याला वेडा म्हणून चिडवत. पहिला नंबर काढून देणाऱ्या क्लासच्या सरांना आपण शाल-श्रीफळ देतो, पण पोराला रात्री झोप का लागत नाही हे हेरणाऱ्या रेक्टरचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

तर बायांनो, एवढं करू या. येत्या २४ डिसेंबरला, गुरुजींच्या जयंतीला, गावातल्या शाळेचे समुपदेशक, वसतिगृहाचे रेक्टर, सरकारी दवाखान्यातले मनोविकारतज्ज्ञ यांना महिला मंडळात बोलवू या. हार-तुरे नसले तरी चालतील. चहा पाजू, त्यांचं काम ऐकून घेऊ, आणि त्यांना हेही विचारू की तुम्ही बरे आहात ना? जाताना आपल्या मुलालाही बरोबर नेऊ. या माणसांकडे जायला लाजायचं नसतं, हे त्याने आईकडूनच बघितलेलं बरं.