दात दुखण्याआधीच पेशंटला बोलावणारा डेंटिस्ट : जगाला डेंटल हायजिनिस्ट देणारे डॉ. फोन्स

दाढ ठणकायला लागते. लवंग तेल लावून होतं, मिठाच्या गुळण्या होतात, तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मग सकाळी दाताचा डॉक्टर आठवतो. आपल्यापैकी बहुतेकांचा डेंटिस्टशी संबंध येतो तो असाच.

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही हेच चालायचं. दात किडला की भरायचा, भरण्यासारखा नसेल तर उपटायचा. पण दात किडूच नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न एका डेंटिस्टनं मनावर घेतला. त्यांचं नाव डॉ. आल्फ्रेड फोन्स.

फोन्स यांचा जन्म १८६९ चा, कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरातला. वडील डेंटिस्ट होते आणि शहराचे महापौरही झाले होते. १८९० मध्ये न्यूयॉर्कहून डेंटिस्टची पदवी घेऊन मुलगा परतला आणि वडिलांच्याच दवाखान्यात बसला.

एका भाषणानं दिशा बदलली

१८९९ मध्ये फोन्स यांनी फिलाडेल्फियाच्या डॉ. डी. डी. स्मिथ यांचं भाषण ऐकलं. स्मिथ आपल्या पेशंटना काही दुखत नसतानाही ठरावीक दिवसांनी बोलवायचे, दातांवरचं कीटण काढायचे, दात घासून गुळगुळीत करायचे आणि घरी काळजी कशी घ्यायची तेही सांगायचे. फोन्स यांनी फिलाडेल्फियाला जाऊन ते काम बघितलं आणि मग स्वतःच्या पेशंटवर हीच पद्धत सुरू केली.

फरक दिसत होता, पण अडचण होती वेळेची. एकेका पेशंटचं कीटण काढायचं, त्याला समजावून सांगायचं आणि वर दात भरायचे, काढायचे. हे सगळं एकट्या डॉक्टरला जमणार कसं?

पहिली हायजिनिस्ट घरातलीच

फोन्स यांच्या दवाखान्यात आयरिन न्यूमन असिस्टंट होत्या. नात्यानं त्या फोन्स यांच्या बहीण लागत. १९०६ मध्ये फोन्स यांनी त्यांना दात साफ करायचं प्रशिक्षण दिलं. पुढच्याच वर्षी राज्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि असिस्टंटला दात साफ करण्यापुरती वाट मोकळी झाली.

डेंटिस्ट मंडळींना हे सहज पचणारं नव्हतं. डिग्री नसलेल्या माणसानं पेशंटच्या तोंडात हत्यार घालायचं? आज दात साफ करणारी उद्या दात भरायला बसली तर? ओहायो राज्यातल्या एका कॉलेजनं १९१० मध्ये असाच कोर्स काढला होता, पण तिथल्या डेंटिस्टांच्या विरोधामुळे तो टिकला नाही.

गाडीखान्यातली शाळा

फोन्स मागे हटले नाहीत. १७ नोव्हेंबर १९१३ ला दवाखान्यालगतच्या गाडीखान्यात त्यांनी शाळा सुरू केली. विद्यार्थिनींमध्ये शिक्षिका होत्या, नर्स होत्या, डेंटिस्टांच्या बायकाही होत्या. शिकवायला नावाजलेल्या विद्यापीठांतले प्राध्यापक यायचे. शरीररचना, जंतुशास्त्र असे विषय आणि जोडीला हातानं करायचं काम. जून १९१४ मध्ये २७ जणी पास झाल्या. तीन तुकड्या मिळून ही संख्या ९७ वर गेली.

नावाचाही विचार त्यांनी केला होता. डेंटल नर्स म्हटलं की आजारपण आठवतं. इथं तर काम होतं निरोगी माणसाला निरोगी ठेवण्याचं. म्हणून नाव ठरलं, डेंटल हायजिनिस्ट.

खरी परीक्षा शाळेत

पास झालेल्या काही जणींना ब्रिजपोर्टच्या सरकारी शाळांत पाठवण्यात आलं. त्या मुलांचे दात तपासायच्या, साफ करायच्या, ब्रश कसा फिरवायचा ते वर्गात करून घ्यायच्या आणि खाण्यापिण्याबद्दल सांगायच्या. काही वर्षांत मुलांमधली दातांची कीड कमी झाल्याचं दिसून आलं. श्रीमंत पेशंटच्या खुर्चीपुरती असलेली सोय आता गरीब घरातल्या पोरांपर्यंत पोहोचली.

१९१५ मध्ये कनेक्टिकटनं हायजिनिस्टसाठी कायदा केला. काय करता येईल आणि काय नाही, याची रेषा त्यात आखली होती : दातांवरचं आणि हिरडीच्या कडेखालचं कीटण, डाग काढायचे, बाकी उपचार डॉक्टरचे. विरोधकांच्या भीतीला हेच उत्तर होतं. १९१७ मध्ये आयरिन न्यूमन यांना पहिलं लायसन्स मिळालं. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या हायजिनिस्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. फोन्स १९३८ मध्ये गेले. पुढे ब्रिजपोर्ट विद्यापीठात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली.

आणि आपल्याकडे?

भारतातल्या १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यातही हायजिनिस्टची वेगळी व्याख्या करण्यात आली होती. दात साफ करणं, पॉलिश करणं आणि दातांची निगा शिकवणं हे त्यांचं काम. त्यासाठी दोन वर्षांचा डिप्लोमा करावा लागतो आणि नोंदणीही करावी लागते. तरी आपल्यापैकी कितीतरी जणांना हा पेशाच माहीत नाही, कारण दुखल्याशिवाय आपण दवाखान्याची पायरी चढतच नाही.

फोन्स आयुष्यभर हीच सवय मोडायला झटले. तुमचं काही दुखत नसेल, तर दात तपासून घ्यायला हीच योग्य वेळ आहे.