उस्ताद अल्लादिया खाँ

उस्ताद अल्लादिया खाँ (जन्म : उनियारा, १० ऑगस्ट १८५५, मृत्यू : मुंबई, १६ मार्च १९४६) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील ख्यालगायक, रचनाकार आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांचे दरबारगवई म्हणून त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ व्यतीत केला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. अनवट राग, जोडराग आणि पेचदार तानक्रिया यांसाठी त्यांची गायकी ओळखली जाते.

कुळ आणि बालपण

खाँसाहेबांचे मूळ नाव गुलाम अहमद. त्यांच्या आधी झालेली भावंडे जगली नाहीत, म्हणून या मुलाला ईश्वराने दिलेला या अर्थाने अल्लादिया म्हटले जाऊ लागले, असे सांगितले जाते. त्यांचा जन्म जयपूर संस्थानच्या आधिपत्याखालील उनियारा या छोट्या ठिकाणी झाला. हे गाव आज राजस्थानच्या टोंक जिल्ह्यात आहे. वडील ख्वाजा अहमद खाँ हे तेथील दरबारात गायक होते. घराणे मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे. आपले पूर्वज शांडिल्य गोत्री गौड ब्राह्मण होते, मोगल काळात त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि नाथ विश्वंभर या गायकापर्यंत आपली परंपरा पोहोचते, अशी या कुटुंबाची धारणा होती. वंशावळीतील दूरच्या नावांना कागदोपत्री आधार मिळणे कठीण असले, तरी कुटुंबात डागुर बाणीच्या धृपदाची परंपरा चालत आलेली होती.

वडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी चुलते जहाँगीर खाँ यांच्यावर आली. जहाँगीर खाँ जयपूरला राहत. त्यांनी पुतण्याला प्रथम काही वर्षे धृपद-धमाराची आणि त्यानंतर ख्यालाची तालीम दिली. खाँसाहेब पुढे केवळ ख्यालगायक म्हणून प्रसिद्ध झाले असले, तरी त्यांच्या गायकीतील गमकेचा वापर, रागाच्या शुद्धतेविषयीचा आग्रह आणि लयीची जाण यांचे मूळ या पहिल्या तालमीत आहे.

त्या काळचे जयपूर हीदेखील एक शाळाच होती. महाराजा सवाई रामसिंह यांच्या कारकिर्दीत तेथील गुणीजनखान्यात बहराम खाँ यांच्यासारखे धृपदिये आणि रजब अली खाँ यांच्यासारखे बीनकार होते. कव्वाल-बच्चे परंपरेतील मुबारक अली खाँ यांच्या ख्यालगायनाचा तरुण अल्लादिया खाँ यांच्यावर विशेष परिणाम झाला. मुबारक अलींच्या ताना वळणावळणाच्या व अनपेक्षित दिशेने जाणाऱ्या असत. त्या शैलीचे पडसाद पुढे खाँसाहेबांच्या तानेत उमटले, असे संगीताचे अभ्यासक मानतात.

आवाजाचे संकट

शिक्षण पूर्ण झाल्यावर खाँसाहेबांनी राजस्थान व मध्य भारतातील अनेक संस्थानांत गायन केले. याच भटकंतीत त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आला. माळव्यातील आमलेटा येथील संस्थानिकाला त्यांच्या गाण्याचे विलक्षण वेड होते. त्याच्या आग्रहास्तव दिवसच्या दिवस, रात्री-अपरात्री गावे लागल्यामुळे खाँसाहेबांचा आवाज बसला. तो तात्पुरता बसला नव्हता. सुमारे दोन वर्षे त्यांना गाताच येईना आणि जेव्हा आवाज परतला, तेव्हा त्यातील पूर्वीचा गोडवा व मोकळेपणा गेलेला होता.

ज्याच्या घराची उपजीविका गळ्यावर चालते, अशा गवयाच्या दृष्टीने हा व्यवसायाचा शेवट ठरू शकला असता. खाँसाहेबांनी मात्र जो आवाज हाती उरला, त्याला पेलेल आणि शोभेल अशी गायकी नव्याने बांधण्यास सुरुवात केली. केवळ स्वराच्या माधुर्यावर श्रोत्याला बांधून ठेवणे आता शक्य नव्हते. त्यामुळे स्वरांची रचना, लयीशी चालणारा खेळ आणि तानेची गुंफण यांवर त्यांनी भर दिला. जयपूर-अत्रौली गायकीचा उगम या प्रसंगात आहे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ही कथा काहीशी सोयीची आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. मुबारक अलींच्या तानेचा संस्कार व धृपदाची तालीम आधीपासूनच होती. आवाज गेला नसता तरी खाँसाहेबांचे गाणे सरळसाधे राहिले असते, असे मानण्याचे कारण नाही. तरीही ही घटना कल्पित नाही. उत्तरायुष्यात नातवाला सांगितलेल्या आठवणींत त्यांनी स्वतःच तिचा उल्लेख केला आहे.

कोल्हापूर

१८९५ च्या सुमारास खाँसाहेब कोल्हापुरास आले. शाहू महाराजांनी नुकताच, १८९४ मध्ये, राज्यकारभार हाती घेतला होता. महाराजांनी त्यांना दरबारगवई म्हणून नेमले आणि खाँसाहेबांच्या कुटुंबाने कोल्हापुरात बिऱ्हाड केले. महाराजांच्या आश्रयाने कुस्ती, नाटक, चित्रकला व संगीत या चारही क्षेत्रांत कोल्हापूर त्या वर्षांत बहरत होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या देवल क्लबमुळे शहरात जाणकार श्रोत्यांचा वर्ग तयार झालेला होता. जवळच मिरजेला तंबोरे व सतारी बनविणाऱ्या कारागिरांची वस्ती होती आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँही पुढे मिरजेतच स्थायिक झाले. ख्यालगायकीच्या दोन अगदी भिन्न वाटा अशा रीतीने सुमारे पन्नास किलोमीटरच्या परिसरात नांदत होत्या. अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्यात एकेका स्वराच्या लगावाला महत्त्व होते. अल्लादिया खाँ यांच्या गाण्यात स्वर लयीच्या प्रवाहात एकमेकांत गुंतत पुढे सरकत.

दरबारच्या नोकरीमुळे खाँसाहेबांना स्थैर्य मिळाले. त्यांच्याकडे असलेल्या दुर्मीळ रागांची व बंदिशींची जोपासना आणि मुलांची तालीम याच काळात झाली. त्यांना तीन मुले होती. थोरले नसिरुद्दीन ऊर्फ बडेजी, मधले बद्रुद्दीन ऊर्फ मंजी खाँ आणि धाकटे शमसुद्दीन ऊर्फ भूर्जी खाँ. धाकटे बंधू हैदर खाँ हे मैफलीत त्यांची साथ करीत आणि स्वतःही शिष्य तयार करीत. भूर्जी खाँ यांनी कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात गायनसेवा केली.

मराठी संगीत रंगभूमीशी खाँसाहेबांचा संबंध शिष्यांमार्फत आला. भास्करबुवा बखले हे आधी फैज महंमद खाँ व आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याकडे शिकून मग खाँसाहेबांकडे आले. त्यांनी संगीत स्वयंवर (१९१६) या नाटकाला चाली दिल्या. मूळचे कोल्हापूरच्या परिसरातले गोविंदराव टेंबे यांनी त्याआधी संगीत मानापमानला (१९११) चाली दिल्या होत्या. या दोन नाटकांनी रागदारी संगीत सामान्य प्रेक्षकापर्यंत नेले. टेंबे यांनी खाँसाहेबांचे मराठीत चरित्रही लिहिले असून त्यांच्या कोल्हापुरातील दिवसांची माहिती देणारे ते महत्त्वाचे साधन आहे.

गायकी

जयपूर-अत्रौली गायकीत ख्यालाच्या आधी लांबलचक आलाप नसतो. थोडक्यात रागाचे स्वरूप दाखवून गायक बंदिशीला हात घालतो आणि रागाची बढत तालाच्या आवर्तनांतच होते. विलंबित त्रितालाची लय इतर काही घराण्यांइतकी संथ नसते. मात्रा स्पष्ट जाणवते आणि तिचे अर्धे, पाव भागही गायकाच्या मनात चालू असतात. स्वर मात्रेवर आदळत नाही, तो दोन मात्रांच्या मध्ये अलगद ठेवला जातो. प्रत्येक आवर्तन हे एक पूर्ण वाक्य असते. ते कोठून निघाले आणि समेवर कसे पोहोचले याला फार महत्त्व असते. समेवर येणे हे ओढूनताणून न वाटता जणू अपरिहार्य वाटावे, ही या गायकीची कसोटी मानली जाते.

गायन मुख्यतः खुल्या आकारात असते. सरगमला येथे स्थान नाही, बोल उच्चारायचे ते लयीच्या अंगाने. तान ही वेगळी, शेवटी जोडायची वस्तू नसते. ती आलापातून उगवते आणि रागाच्या चलनाप्रमाणेच वळते. सरळ चढून सरळ उतरणारी सपाट तान तुलनेने कमी आढळते. स्वरांचे गट विषम लांबीचे असतात, त्यामुळे पुढचे वळण कोठे येईल याचा श्रोत्याला सहसा अंदाज येत नाही. यासाठी दमसास लागतो आणि त्याहून अधिक लयीचे अखंड भान लागते. या गायकीला बुद्धिप्रधान म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो अर्धाच खरा आहे, कारण हिशेब कानाला जाणवू लागला की या परंपरेत ते गाणे फसले असेच समजतात.

रागांची निवड हे दुसरे वैशिष्ट्य. नट कामोद, भूप नट, बसंती केदार, सावनी, खट, खोकर, बिहागडा, जैत कल्याण, ललिता गौरी, रायसा कानडा अशा अनेक अनवट व जोडरागांना या घराण्याने मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. जोडराग म्हणजे दोन रागांचे तुकडे एकामागून एक ठेवणे नव्हे. बसंती केदारमध्ये बसंताच्या वाक्यातून केदारात केव्हा प्रवेश झाला, हे सांधा न दिसता कळले पाहिजे, आणि हेच मिश्रण द्रुत तानेतही टिकले पाहिजे. नित्याच्या रागाचे वेगळे रूपही या परंपरेत गायले जाते. मालकंसात ऋषभ व पंचम वर्ज्य असतात. संपूर्ण मालकंसात हे दोन्ही स्वर येतात आणि तरीही मालकंसाची छाया सुटत नाही. यांतील काही राग खाँसाहेबांना परंपरेने मिळाले, तर काहींना त्यांनी नवे रूप दिले. धृपदातील चिजा ख्यालाच्या अंगाने बांधण्याचे कामही त्यांनी केले. त्यांच्या स्वतःच्या बंदिशींत अहमदपिया ही मुद्रा आढळते.

मुंबईतील काळ आणि शिष्यपरंपरा

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईस गेले. तेथे आश्रय राजाचा नव्हता; धनिक रसिक, खासगी मैफली आणि तालमीची बिदागी यांवर गवयाचा संसार चाले. आयुष्याच्या सत्तरीकडे झुकताना त्यांनी हा बदल स्वीकारला आणि त्यांच्या गायकीचा खरा विस्तार याच काळात झाला.

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी १९२१ च्या सुमारास त्यांचा गंडा बांधला. तालमीच्या अटी कडक होत्या आणि बिदागीही मोठी होती. ही तालीम सुमारे दहा वर्षे चालली. त्याच प्रदेशातील कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांची कथा याच्या उलट आहे. उपचारांसाठी सांगलीत आले असता खाँसाहेबांनी या मुलीचे गाणे जाता-येता ऐकले आणि आपण होऊन तिला शिकवण्यास सुरुवात केली. पुढे मुंबईत ही तालीम खंडित झाली. मोगूबाईंना आग्रा घराण्याच्या गायकांकडे आणि नंतर हैदर खाँ यांच्याकडे शिकावे लागले. १९३४ पासून त्या पुन्हा खाँसाहेबांकडे शिकू लागल्या. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांना विद्येसाठी मोजावी लागलेली किंमत इतकी वेगळी होती. दोघींनाही पुढे पद्मभूषण मिळाले. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी ही गायकी स्वतंत्र वळणावर नेली. केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर अवकाशात पाठविण्यात आली.

१९३७ मध्ये मंजी खाँ यांचे अकाली निधन झाले. वडिलांची विद्या आत्मसात करून तिला अधिक रंजक वळण देणारा हा मुलगा होता. वृद्ध खाँसाहेबांना हा मोठा आघात होता. मंजी खाँ यांच्याकडे जेमतेम दीड वर्ष शिकलेले धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम त्यानंतर भूर्जी खाँ यांनी पुढे चालविली. भूर्जी खाँ यांच्याकडे वामनराव सडोलीकर, गजाननबुवा जोशी, मधुसूदन कानेटकर आणि कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी हेही शिकले. निवृत्तीबुवा सरनाईक हे कोल्हापूरचेच. त्यांनाही खाँसाहेबांची तालीम मिळाली. घराण्याच्या नावात राजस्थान व उत्तर प्रदेशातील दोन गावे आहेत, पण ते जपणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा मराठी, कोकणी किंवा कन्नड होती. कोल्हापूरचे नाव मात्र त्यात कोठेच आले नाही.

अखेरचा काळ

अखेरच्या वर्षांत खाँसाहेबांनी आपल्या आठवणी नातू अजीजुद्दीन खाँ यांना उर्दूत सांगितल्या. त्यांचा इंग्रजी अनुवाद अम्लान दासगुप्ता व ऊर्मिला भिरडीकर यांनी केला असून तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या ९१ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. कोल्हापुरात त्यांचा पुतळा उभारण्यात आला आहे.

ग्रामोफोनचा प्रसार झाल्यानंतरही अनेक वर्षे ते हयात होते, पण त्यांनी ध्वनिमुद्रण करू दिले नाही. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यामुळे त्यांच्या गायकीचा अभ्यास केसरबाई, मोगूबाई व मन्सूर यांच्या ध्वनिमुद्रणांवरूनच करावा लागतो. या तिघांचे गाणे एकमेकांपासून बरेच वेगळे आहे, आणि त्यांतील कोणता भाग मूळ गुरूचा हे ठरवताना अभ्यासकांमध्ये आजही मतभेद होतात.