पिशव्या वाहणारा सॅचेल

आपल्या क्रिकेटमध्ये बॉलर असतो, तसा अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये पिचर. तो टप्पा न पाडता चेंडू सरळ फलंदाजाकडे फेकतो. सॅचेल पेज हा असाच एक थोर पिचर.

त्याचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यात मोबील या गावी झाला. खरे नाव लिरॉय. आई लोकांचे कपडे धुई. घरात पोरं पुष्कळ, पैसा नाही. लिरॉय स्टेशनावर उतारूंच्या पिशव्या उचलायचा. सॅचेल म्हणजे पिशवी. तेच नाव त्याला चिकटलं. बाराव्या वर्षी दुकानातल्या चोरीत सापडला आणि सुधारगृहात गेला. तिथे पाच वर्षे काढली. पण चेंडू फेकायला तो नीट शिकला तो तिथेच, बरं का!

त्या काळी मोठ्या संघांत काळ्या माणसाला घेत नसत. काळ्यांचे संघ वेगळे, स्पर्धाही वेगळ्या. १९२६ पासून सॅचेल त्यांत खेळला. गावोगाव हिंडून सामने करायचा. पोरं बापाचं बोट धरून बघायला येत. डावा पाय उंच उचलायचा, मध्येच थबकायचा, मग चेंडू सुटायचा. फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली! कधी कधी तर मैदानाच्या टोकाचे आपलेच तीन खेळाडू तो जवळ बोलावून खाली बसवी. चेंडू तिकडे जाणारच नाही, अशी खात्री! लहानपणी हे पाहिलेली माणसं म्हातारपणीही ते सांगत बसत.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सनला मोठ्या संघात घेतले आणि दार उघडले. १९४८ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने सॅचेलला घेतले. वय ४२! लोकांना वाटलं, हा म्हातारा काय करणार! त्याने सहा सामने जिंकले, एकच हरला. २० ऑगस्टला त्याला बघायला ७८ हजारांवर माणसं लोटली. पण तरुणपणाची वीस वर्षं गेली ती गेलीच.

१९७१ साली थोर खेळाडूंच्या सन्मानगृहात त्याला घ्यायचे ठरले, तर तिथेही काळ्यांसाठी वेगळा विभाग काढला होता! लोक चिडले, तेव्हा बरोबरीची जागा मिळाली. ८ जून १९८२ रोजी तो वारला.

एक गंमत सांगायची राहिली. १९६५ साली कॅन्सस सिटीच्या संघाने त्याला ५९व्या वर्षी खेळायला बोलावले. मैदानाच्या कडेला त्याच्यासाठी झुलती खुर्ची मांडली होती. सॅचेल खुर्चीतून उठला, तीन डाव चेंडू फेकला आणि समोरच्यांना एकही धाव करू दिली नाही.