मंडालेतील पथ्य

भुसावळ मागे टाकून आगगाडी नागपूरच्या वाटेला लागली, की बुलढाणा जिल्ह्यातील पहिले मोठे स्थानक येते, ते मलकापूर. नळगंगेच्या काठचे हे गाव म्हणजे वऱ्हाडचे पश्चिमद्वारच होय. मुंबई-पुण्याहून अकोला-अमरावतीकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. होमरूलच्या चळवळीत लोकमान्य टिळकांनी वऱ्हाडात दौरे केले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्यासारखा जिवलग सहकारीही त्यांना याच प्रांतात लाभला होता. साठीच्या उंबरठ्यावर असताना सभांमागून सभा गाजविणाऱ्या त्या पुरुषाकडे पाहून, त्याला कित्येक वर्षांपूर्वीच मधुमेह जडला आहे, असे सहसा कोणाच्या मनातही आले नसते.

बळवंतरावांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. लहानपणी त्यांची प्रकृती काही धडधाकट नव्हती. डेक्कन कॉलेजात प्रवेश मिळाल्यावर त्यांनी पहिले वर्ष व्यायामालाच वाहिले. तालीम, पोहणे आणि होडी वल्हविणे यांत ते इतके रमले की त्या वर्षी परीक्षेत त्यांना अपयश आले! परंतु शरीर मात्र पिळदार झाले. मधुमेह हा केवळ आळशी व सुखासीन माणसांचा रोग आहे, असा समज अजूनही आढळतो. टिळकांचे चरित्र वाचणाऱ्याने तरी तो बाळगू नये.

१८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तुरुंगातील निकृष्ट अन्नाने त्यांचे वजन झपाट्याने उतरले आणि पुढील वर्षी ते सुटून आले, तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती. पुढे १९०८ मध्ये त्यांच्यावर दुसरा खटला झाला. त्या वेळी मधुमेह त्यांच्या मागे लागलेलाच होता. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला : सहा वर्षे काळे पाणी. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. अशा रुग्णाला ती शिक्षा म्हणजे देहान्तच ठरेल, ही धास्ती निराधार नव्हती.

हा रोग आपल्या देशास नवा नाही. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी पाहून ठेवले होते. आपण खातो त्या अन्नाची शरीरात साखर होते, आणि स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिन नावाच्या द्रव्यामुळे ती पेशींच्या उपयोगी पडते. हे द्रव्य कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साचते. ती बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडे पाणीही ओढून घेतात. म्हणून वारंवार लघवी होते व घसा सारखा कोरडा पडतो. पेशी मात्र उपाशीच राहतात. म्हणून भरपूर जेवूनही माणूस वाळतो आणि थकतो. नजर अंधुक होणे, जखम लवकर न भरणे, पायांना मुंग्या येणे, ही आणखी काही चिन्हे होत. मलकापूरच्या काळ्या रानात पऱ्हाटीचा खुंट अनवाणी पायात रुतला आणि तो रुतल्याचे कळलेच नाही, तर ती बधिरता मोठ्या धोक्याची समजावी. अशा दुर्लक्षित जखमेपायी पाय कापण्याची पाळी येते. डोळे, मूत्रपिंडे व हृदय यांनाही हा रोग आतून पोखरतो. त्याचे सर्वांत मोठे कपट असे की कित्येकांना तो वर्षानुवर्षे कोणतीच चाहूल देत नाही. रक्त तपासले तरच तो उघडकीस येतो.

टिळकांच्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. जिभेवर ताबा ठेवणे, हाच काय तो उपाय. सक्तमजुरीची शिक्षा साधी झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडाले येथील तुरुंगात ठेवण्यात आले. लाकडी फळ्यांची खोली, अंगाची लाही करणारा उन्हाळा आणि भोवती परका मुलूख! तेथे त्यांनी भाताचा व गव्हाचा मोह सोडून सातूच्या पिठाचे पदार्थ आणि दूध यांवर भर दिला. स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी मिळाला होता, तेवढीच सोय. दिनक्रम घड्याळासारखा, वाचन अखंड. बंडखोर म्हणून गाजलेल्या या पुरुषाने पथ्याचा नियम मात्र निमूटपणे पाळला, याचे मोठे नवल वाटते. १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या पाच महिन्यांत, त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्याची वार्ता त्यांना त्या कोठडीतच ऐकावी लागली.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री ते पुण्यात आपल्या वाड्याच्या दाराशी उतरले. पुढल्या वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर होमरूल चळवळ झाली, विलायतेची वारीही झाली. पथ्याने रोग आवाक्यात राहिला होता, बरा झाला नव्हता. जुलै १९२० मध्ये मुंबईत सरदारगृहात मुक्कामास असताना त्यांना हिवतापाने गाठले. त्यातून फुप्फुसांचा दाह उद्भवला आणि १ ऑगस्टच्या पहिल्याच प्रहरी त्यांची प्राणज्योत मालवली.

दुसऱ्याच वर्षी, १९२१ साली, कॅनडातील टोरांटो नगरात बँटिंग आणि बेस्ट या दोघा संशोधकांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तो मुलगा वाचला.